क्वेस्ट देणाऱ्या नव्या एनपीसींनी पत्ता कसा सांगावा

अभिनंदन! तुम्हाला ओपन वर्ल्ड आरपीजीमध्ये, म्हणजे प्लेअर वाट्टेल तिकडं भटकतो अशा व्हिडिओ गेममध्ये, एनपीसी म्हणून चिकटवलंय, म्हणजे प्लेअर नाही तर गेमच चालवतो ते पात्र. काम सोपंय, एकाच जागी उभं राहायचं, पाऊस आला तरी तिथंच, आणि जो कुणी तलवार लटकवून समोरनं जाईल त्याला थांबवून आपली हरवलेली वस्तू शोधायला पाठवायचं, ह्या कामगिरीलाच क्वेस्ट म्हणतात. वस्तू कुठंय ते मात्र सांगायचं नाही. म्हणजे सांगायचं, पण असं की याच्यापेक्षा गप्प बसला असता तर बरं झालं असतं असं समोरच्याला वाटलं पाहिजे.

'उत्तरेला जा' एवढं बास. उत्तरेला डोंगर आहे, नदी आहे, तीन गुहा आहेत आणि एका फटक्यात लोळवणारा राक्षस आहे, ते त्याचं त्याला कळेल. किती लांब विचारलं तर 'जवळच' म्हणा, ह्या शब्दात अर्धा नकाशा आरामात मावतो. अगदी खूण सांगायचीच वेळ आली तर 'मोठ्या झाडापासून डावीकडे' सांगा, अर्थात घनदाट जंगलात. डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे असं तो विचारूच शकत नाही, कारण डायलॉगमध्ये ऑप्शन तीनच: हो, नंतर येतो, आणि तुमच्या गावाचा इतिहास सांगा.

आपल्या धंद्यातली जुनी खोडं बघायची असतील तर २००२ चा मॉरोविंड हा गेम बघा. तेव्हा वाट दाखवणारा बाणबिण नव्हता, सगळं तोंडी. त्यातल्या बाल्मोरा गावातले हॅसफॅट अँटाबोलिस साहेब नवख्या माणसाला ड्वेमर ह्या नाहीशा झालेल्या लोकांच्या पडक्या अवशेषांतून त्यांचा पझल बॉक्स आणायला पाठवतात, रस्ता बऱ्यापैकी नीट सांगतात (हे जरा चुकलंच त्यांचं), पण आत गेल्यावर कुठल्या खोलीत, कुठल्या फळीवर? ते गुलदस्त्यात. एवढासा चौकोनी ठोकळा, अंधारात, शेल्फवर. लोकांनी ते अख्खे अवशेष पालथे घातले, आतल्या सगळ्यांना मारलं, रिकामे मडके पण उपडे करून बघितले आणि हात हलवत बाहेर आले. वर जर्नल, म्हणजे गेममधली नोंदवही, तारखेप्रमाणे, म्हणजे सगळ्या क्वेस्टची मिळून एकच वही, साहेब काय म्हणाले होते ते शोधायला कितीतरी पानं मागं जा. काय दिवस होते.

मग २००६ ला त्याच मालिकेतला पुढचा गेम ऑब्लिव्हियन आला, कंपासवर कुठं जायचं ते दाखवणारा मार्कर, म्हणजे तो बाण, आला आणि आपली किंमतच गेली. आता तुम्ही ढसाढसा रडत आजोबांच्या तलवारीची कहाणी सांगा नाहीतर सांगू नका, समोरचा भराभर स्किप करतो आणि बाण दाखवेल तिकडं पळत सुटतो, तोही थेट त्या पेटीपर्यंत, जिच्याबद्दल तुम्हाला स्वतःला काही माहिती नाही. वाईट वाटून घेऊ नका, उलट ही तर चैन आहे, पत्ता पाठ करायची कटकटच गेली. फक्त एखादा शहाणा येतो, त्याला म्हणे खरं एक्सप्लोर करायचं असतं, तो सेटिंगमध्ये जाऊन मार्कर बंद करतो आणि परत तुमच्यासमोर येऊन उभा राहतो. त्याला तुम्ही पुन्हा तेच वाक्य ऐकवायचं, 'माझी तलवार परत आण'. कुठून? ते लिहिलंच नाहीये हो कुणी, बाण आहे म्हटल्यावर कोण कशाला लिहील. जर्नल उघडलं तर तिथं पण 'तलवार परत मिळवा'. बसा बोंबलत.

ज्यांना ह्या कामात खरंच नाव काढायचंय त्यांनी २०२२ च्या एल्डन रिंग ह्या गेममधल्या मंडळींकडे शिकवणी लावावी. तिथं जर्नलच नाही. अर्धं वाक्य बोलायचं, कारण नसताना हसायचं आणि पुढच्या वेळी तो आला की जागेवर असायचंच नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी टोकाला जाऊन बसायचं, आणि तोवर त्याने भलत्याच बॉसला, म्हणजे बड्या शत्रूला, मारलं तर आपली क्वेस्ट गुपचूप बंद, निरोप नाही की काही नाही. त्याच वर्षी मार्चमधल्या पॅचनंतर, म्हणजे गेमच्या अपडेटनंतर, भेटलेल्या एनपीसींची नावं नकाशावर दिसायला लागली तेव्हा आपल्यातले काही जण घाबरले होते, पण ठीकंय, नाव दिसतं, नावाचं करायचं काय ते कुठं दिसतंय.

आणि हो, तो प्लेअर शेवटी मोबाईलवर विकी उघडून, फोटोत लाल गोल केलेला बघून तुमची वस्तू घेऊन येणारच आहे. आला की म्हणायचं, 'वा, मला खात्री होती तुला सापडेल!' मग त्याच्या पायात आहेत त्यापेक्षा भिकार बूट बक्षीस द्यायचे आणि लगेच विचारायचं, आता माझ्या भावाला एक निरोप पोचवशील का? राहतो इथं जवळच.