तीन पिस्टन आणि एक खाली

जुनी डिझेल जीप सकाळी ७ वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू केली आणि ती तीनच पिस्टनवर चालत असली, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत मिसिंग मारत असली, तर ते मालकाच्या आधी पहिल्या मजल्यावरच्या काकांना कळतं. पुण्यात हे व्हायचंच. जी माणसं डिसेंबरात सवाईला बसून तबल्याच्या मात्रा बोटांवर मोजतात, त्यांच्या कानातून चारातला एक सिलिंडर निसटेल कसा? त्रितालात खाली (रिकामी जागा) असते, इंजिनात असू नये, एवढंच.

हिशेब सोपा आहे. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना, इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतं. फोर-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे चौघांचे मिळून १६०० ठोके. एकाने संप केला की उरले १२००. गेलेले ४०० आरशात, बॉनेटवर आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या मानेत थरथरताना दिसतात.

एवढ्यात गॅलरीतून निकाल लागलेला असतो. "हेड गेलंय हो तुमचं! पाणी जळतंय, धूर बघा केवढा पांढरा!"

आता धुराबद्दल. पांढरा धूर म्हणजे पाणीच, हा समज मोडायला हवा. पाण्याची वाफ चार पावलांवर विरते. न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर मात्र रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो आणि वाळत घातलेल्या चादरीत मुक्काम करतो. मिसिंगमध्ये बहुतेक वेळा हा दुसराच असतो. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल आणि त्यात बुडबुडे येत नसतील, तर हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) हात लावायचं कारण नाही. निळा धूर ऑइलचा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर उघडून बघा, आत आपल्या रस्त्यावरच्या खोदकामाची माती सापडते.

माझं ठाम मत असं, की कुठला सिलिंडर बंद आहे हे कळेपर्यंत काहीही उघडू नये. त्यासाठी एक १७ नंबरचा पाना (काही इंजिनांना १९ चा लागतो) आणि जाड फडकं पुरतं. इंजिन आयडलला ठेवायचं, पहिल्या नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट फडक्याखाली अर्धा आटा सैल करायचा. आवाज आणखी बिघडला, इंजिन गचके खाऊ लागलं, तर तो सिलिंडर कामाचा; नट कसा आणि पुढे चला. ज्याचा नट सैल करूनही इंजिनाला काही फरकच पडत नाही, तो आपला माणूस. प्रत्येक सोसायटीच्या कमिटीत असा एक असतो, आला काय न आला काय.

इथे थट्टा बाजूला. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि फवाऱ्यापुढे बोट कधीही न्यायचं नाही. दाबाखालचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, पण तसं झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि हा प्रयोग फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर. कॉमन रेलमध्ये (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनांत) दाब हजार बारच्या वरही जातो, तिथे पाना पेटीतच राहू दे.

समजा, तीन नंबरचा बंद निघाला. आता तीनचं नोझल काढून दोनमध्ये आणि दोनचं तीनमध्ये घालायचं. दोष दोनमध्ये गेला तर नोझल खराब. तीनमध्येच राहिला तर नोझल निर्दोष. मग पंप, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा जोर). ही अदलाबदल करताना तांब्याचे वॉशर नवेच घाला. जुना वॉशर दबून कडक झालेला असतो. तोच परत बसवला की बुडातून गॅस फुसफुसतो, नोझलभोवती काळं कडं धरतं आणि एका दोषाचे दोन होतात. जुना वॉशर भोकात चिकटून राहिला आणि त्यावर नवा चढला, तर नोझलचं टोक वर राहतं आणि फवारा भलतीकडे उडतो. म्हणून टॉर्च मारून भोकात बघायचं. दहातल्या नऊ घाईच्या कामांत हेच राहतं.

वॉशरसाठी नाना पेठेत जावं, पण जुनं नोझल खिशात घालून. "जीपचं आहे, जरा जुनी आहे, मूळ इंजिन नाही, मधे बदललेलं..." एवढं ऐकल्यावर काउंटरमागून शांतपणे येतं, "साहेब, नंबर सांगा, गोष्ट नको." नंबर नोझलवरच कोरलेला असतो.

नोझल टेस्टरवर (हाताने दाब देऊन फवारा बघायच्या यंत्रावर) बसवलं की चांगलं नोझल हँडलच्या प्रत्येक दाबाला करकरतं आणि बारीक धुकं सोडतं. पिचकारी मारत असेल किंवा टोकाला थेंब लोंबत असेल तर बाद. उघडण्याचा दाब इंजिनाप्रमाणे बदलतो. प्री-चेंबरवाल्यांत (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या इंजिनांत) साधारण १२०-१३० बार, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये २०० च्या आसपास किंवा वर. आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा, टेस्टरवाल्याच्या चुलतभावाकडून नाही.

नोझल निर्दोष सुटलं तर टॅपेट. खडखडणाऱ्या टॅपेटला सगळे शिव्या देतात, पण घात करतो तो गप्प बसणारा. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली गॅप उरली नाही की इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन पळतं आणि गाडी गरम झाल्यावरच मिसिंग मारते. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असेल तर बेरीज पाचची ठेवा: चारचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलत (एक मिटत, दुसरा उघडत) असताना एकचे टॅपेट सेट करायचे, दोनचे डुलताना तीनचे. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) हलका अडखळत सरकला पाहिजे, लोण्यातून सुरी गेल्यासारखा नको.

फक्त थंडीतच मिसिंग होतं आणि मिनिटभरात सुधारतं? मग हीटर प्लग (थंड इंजिन पेटावं म्हणून आतून तापणारे) बघा. वरची जोडपट्टी काढून बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्प प्रत्येक प्लगच्या टोकाला लावायचा. दिवा लागला नाही तो प्लग मेला. मिसिंग आज ह्या सिलिंडरला, उद्या त्या, असं फिरतीवर असेल तर डिझेलच्या लाइनने हवा धरलीय. फिल्टर आणि पंपाच्या मधे हातभर पारदर्शक नळी घाला, बुडबुडे स्वतःच चुगली करतात. चिरलेला होज किंवा बँजो बोल्टचा (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) वॉशर बदलायचा, फिल्टरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) मारायचा, आणि फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू बंद.

हे सगळं ठीक असेल तेव्हाच कॉम्प्रेशन गेज काढायचं. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ५० पीएसआय खाली असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन्ही पडले असतील तर हेडखालचं, त्या दोघांच्या मधलं गॅस्केट. तेव्हा हेड उतरवा, आणि काकांना मोठ्या मनाने सांगा की तुमचंच खरं होतं.

पण बहुतेकदा तशी वेळ येत नाही. नवा वॉशर, नीट केलेलं नोझल, क्लॅम्पचे दोन्ही नट आळीपाळीने सारखे कसलेले, आणि जीप चारही ठोक्यांवर येते. गणपतीची मान स्थिरावते. काका कठड्यावर रेलून, डोळे मिटून ऐकतात आणि मान हलवतात.

"अजून थोडं आहे हो मिसिंग."

अहो काका, तो गेटवर पाण्याचा टँकर उभा आहे.