पहाटे पाचला उठून एडीएचडी जात नाही, काका

काका, गेल्या आठवड्यात तुम्ही घरच्या ग्रुपवर एक मेसेज पुढे पाठवलात. संध्याकाळपर्यंत तोच सोसायटीच्या आणि शाळेच्या बॅचच्या ग्रुपवरही फिरला. सार असं: एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी मेंदूची ठेवण), ऑटिझम (स्वमग्नता) ही मोबाईलच्या जमान्यातली खुळं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पहाटे पाचला उठा, कामांची यादी करा, ध्यानाला बसा. गोळ्यांची सवय लागते. आणि ‘सेल्फ-केअर’ म्हणजे नुसते चोचले. मला अडतिसाव्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

‘आमच्या वेळी नव्हतं.’ होतं, काका. स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ मध्येच लक्ष न टिकण्याबद्दल लिहून ठेवलं. बुद्धी शाबूत असून स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांवर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडनला व्याख्यानं दिली. तेव्हा मोबाईल सोडा, घरोघरी रेडिओही नव्हता. आपल्याकडे शब्द वेगळे होते: वेंधळा, धांदरट, ‘याचं बूड टेकत नाही’. मुलगी गप्प बसणारी असली तर तेवढंही नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा, ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ जुळ्यांवरच्या अभ्यासांतून यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास दिसतो. कपाळावर चष्मा ठेवून घरभर तो शोधणाऱ्या आजोबांचे किस्से तुम्हीच रंगवून सांगता. मी निदान करत नाहीये, नुसती आठवण करून देतेय.

‘पहाटे पाचला उठा.’ एडीएचडी असलेल्या बऱ्याच प्रौढांचं शरीराचं घड्याळच मागे असतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा वाढतं. एकला झोप लागलेल्या माणसाला पाचला उठवलंत, तर दिवसभर लक्ष आणखी उडणार. रोज ठरलेल्या वेळी उठणं, सकाळचं ऊन, व्यायाम यांचा उपयोग होतो, हे कबूल. ध्यानाचंही तसंच. कुणाला जमतं, मला चालताना जमतं.

‘यादी करा.’ इथे खरी गोम आहे. याद्या माझ्याकडे ढीगभर आहेत, एक वही तर कणकेच्या डब्यात सापडली. काय करायचं ते मला माहीत असतं, सुरुवात होत नाही आणि हातातलं काम डोक्यातून निसटतं. दूध गॅसवर ठेवून मी ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून आत जायचे, ते ओट्यावरून फरशीवर पोचेपर्यंत. मोबाईलचा गजर बंद करून तो कशाचा होता तेच विसरायचे. आता दूध ठेवलं की डाव्या हातात चमचा धरते. आतल्या खोलीत गेले, तरी हात विचारतो, हा चमचा कशाला? विजेचं बिल, फॉर्म असली रटाळ कामं बुधवारी शेजारच्या वहिनींकडे नेते. त्या मटार सोलतात, मी फॉर्म भरते. आमच्या आज्याही पापड एकट्या लाटत नव्हत्या, अख्खी आळी जमायची. सोबतीला माणूस असलं की हात चालतो. मेसेजवाल्याला हे ठाऊक असायला हवं होतं.

‘गोळ्यांची सवय लागते.’ एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून तर ते आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे: चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपायची. मानसोपचारतज्ज्ञ रक्तदाब, हृदय, झोप बघून डोस ठरवतात. सगळ्यांना गोळी लागतेच असं नाही, सोसतेच असंही नाही. तो निर्णय ग्रुपवर होत नसतो.

‘सवलतींसाठी नाव लावून घेतात’ असंही खाली कुणी जोडलं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. कसल्या सवलती?

राहिले चोचले. कामात बुडाले की मला तहान, भूक, लघवीलासुद्धा जायचं भान राहत नाही. चारला डोकं ठणकायला लागलं की कळतं, डबा तसाच आहे. म्हणून टेबलावर डोळ्यांसमोर पाण्याचा तांब्या आणि फुटाण्यांची बरणी असते. कपाटातली वस्तू माझ्यासाठी जगातून नाहीशी झालेली असते. माझ्या ऑटिस्टिक भाच्याला कुकरची शिट्टी कानात सुई टोचल्यासारखी लागते, म्हणून कुकर लावायच्या आधी आम्ही त्याला सांगतो, तो हेडफोन घालतो. पाच सेकंदांचं काम. स्वतःची काळजी म्हणतो ती एवढीच.

आता थांबते, काका. डाव्या हातात चमचा आहे.