डंडीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: किल्टखालचे मोजे आणि माझी 'हौस'

डंडीकर, तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली रागात लिहू नकोस, म्हणून थांबलो. आता शांतपणे लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की इथे स्कॉटलंडमध्ये संध्याकाळच्या फॉर्मल कार्यक्रमाला, म्हणजे प्रिन्स चार्ली (किल्टवरचं आखूड काळं जॅकेट), बो टाय असा थाट असताना, किल्टखाली, म्हणजे पुरुषांच्या त्या चुण्यांच्या स्कॉटिश घागऱ्याखाली, पांढरे किंवा क्रीम मोजे घालू नका, गडद एकरंगी घ्या आणि जमत असेल तर डाइस्ड, म्हणजे दोन रंगांच्या तिरप्या चौकटींचे, घ्या. त्यावर डंडीकर म्हणतात, "मोज्यांकडे कोण बघतं? इथे लग्नात निम्मे लोक पांढरेच घालतात. डाइस्ड परवडत नाहीत. हे सगळे नियम 1822 नंतर बनवलेले. आणि आपण मराठी माणसांनी गोऱ्यांना त्यांचेच कपडे शिकवायची हौस कशाला?" आणि शेवटी दोन हसणाऱ्या इमोजी.

आधी त्या इमोजींबद्दल. मतभेद असू द्या ना, माझी काहीच हरकत नाही, या ब्लॉगवर माझ्याशी भांडून गेलेले लोक परत येऊन वाचतात. पण एखाद्याने मनापासून, वेळ काढून काही लिहिलं तर त्याला 'हौस' म्हणून हसण्यावारी नेणं मला पटत नाही. तुम्ही समोर बसला असतात तर असं बोलला असतात का? मी कुठल्याही गोऱ्याला काही शिकवायला गेलेलो नाही. मी मराठीत लिहितो, मराठी माणसांसाठी लिहितो, ज्यांची मुलं-भाचे इथे शिकतात, इथल्या मुला-मुलींशी लग्नं करतात आणि ज्यांना लग्नाच्या आठवडाभर आधी कळतं की आपल्यालाही किल्ट घालायचाय. ते मला मेल करतात, दुसऱ्या कोणाला विचारणार?

आणि माझा संबंध काय म्हणाल तर ऐका. ग्लासगोत शिकत असताना मी किल्ट भाड्याने देणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत काम केलंय. सोमवारी लग्नाचे कपडे परत यायचे आणि मोजे निवडायचं काम माझ्याकडे. क्रीम मोज्यांचे मोठमोठे खोके, इलॅस्टिक सैल पडलेलं, टाचेला करडा रंग चढलेला, कधी बिअरचे डाग, ते धुऊन, जोड्या लावून पुन्हा पुढच्या शनिवारच्या लग्नाला. मालकाला एकदा विचारलं, सगळे क्रीमच का ठेवता? तो म्हणाला, एकच रंग ठेवला की कुठल्याही टार्टनखाली (टार्टन म्हणजे किल्टचं चौकटींचं कापड) खपतो, स्टॉक कमी लागतो. तुम्ही ज्याला 'निम्मे लोक घालतात' म्हणताय ना, त्यातला मोठा भाग असा आलाय, तो कोणी बसून निवडलेला नाही. पुण्यात फेटेवाला येऊन सगळ्या वऱ्हाडाला एकाच रंगाचे फेटे बांधून जातो, ते छानच दिसतं, पण म्हणून फेट्याला दुसरा रंगच नसतो असं कोणी म्हणत नाही.

आता "मोज्यांकडे कोण बघतं". हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण उत्तर अगदी सोपं आहे, सगळेच बघतात. पँट घातलेल्या माणसाचे मोजे बसल्यावर दिसतात, तेही बोटभर. किल्टमध्ये गुडघ्याखालचा अख्खा पाय उघड्यावर असतो आणि त्यातला बहुतेक भाग मोज्याचाच. वर काळं जॅकेट, मध्ये गडद टार्टन, खाली काळे बूट, आणि मधेच दोन पांढऱ्या पोटऱ्या, मग नजर दुसरीकडे जाईल कशी? हॉलमधले दिवे मंद झाले की तर फक्त त्या पोटऱ्याच चालताना दिसतात. त्यात घिली ब्रोग, म्हणजे किल्टबरोबरचे पारंपरिक बूट, घातले असतील तर आणखी, कारण त्या बुटांना जीभ नसते, लांब लेस घोट्याभोवती गुंडाळून बांधतात, आणि पांढऱ्यावर ती काळी लेस आडवी-तिडवी उठून दिसते. तेच मोजे बॉटल ग्रीन किंवा मरून असू द्या, लेस शांत होते, बूट आणि पाय एक वाटतात, आणि बघणाऱ्याचं लक्ष किल्टकडे आणि चेहऱ्याकडे जातं. मी म्हणतो म्हणून मानू नका, एकाच माणसाचे दोन फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा.

आणि मोजा म्हणजे नुसता रंगही नाही, तो बसतो कसा हेही दिसतं. माझ्या लग्नाच्या दिवशी सासऱ्यांनी, जे मूळचे पश्चिम स्कॉटलंडमधल्या अर्गाइलचे, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः गुडघे टेकून माझ्या मोज्यांची घडी नीट केली. गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं आडवी धरली, म्हणाले वरची कड इथे. मग गार्टर, म्हणजे मोजा धरून ठेवणारा इलॅस्टिकचा पट्टा, त्यावर दुमड अशी ओढली की इलॅस्टिक झाकलं जाईल आणि फ्लॅशची, म्हणजे गार्टरला लावलेल्या रंगीत फितींची, फक्त टोकं खाली दिसतील, आणि ती टोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला, जरा पुढे. शेवटी उजव्या मोज्यात स्गियन डू, म्हणजे छोटा सुरा, मुठीचा वरचा भाग तेवढा बाहेर. सत्तरीचा माणूस, मला आठवतंय मी ओशाळून उठायला लागलो तर त्यांनी हाताने दाबून बसवलं. त्या माणसाला जर कोणी सांगितलं असतं की मोज्यांकडे कोण बघतं, तर... जाऊ दे.

त्यांच्या स्वतःच्या पायात डाइस्ड होते, लाल-पांढरे, सासूबाईंनी विणलेले. मी ते हातात घेऊन उलटे करून पाहिलेत. प्रत्येक शंकरपाळ्याला लोकरीचा वेगळा छोटा गुंडा लागतो, रंग बदलला की दोन धागे एकमेकांत अडकवायचे नाहीतर भोक पडतं, सपाट विणत जायचं, पोटरीसाठी टाके कमी करत आणायचे पण शंकरपाळ्याचा कोन बिघडू द्यायचा नाही, आणि शेवटी मागून शिवण घालायची. आतून बघितलं तर टोकांचं जंगल. त्या चौकटी तिरप्या का असतात तेही सांगतो, कारण तुम्हाला हा सगळा दिखावा वाटतोय. सुयांवर विणलेल्या मोज्यांच्या आधी हायलँडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागात, टार्टनच्याच कापडातून मोजे कापून शिवत. मागावरचं कापड सरळ कापलं तर ताणलं जात नाही, पोटरीवर बसत नाही, म्हणून ते तिरपं कापायचे आणि चौकट आपोआप उभ्या शंकरपाळ्यासारखी पडायची. पुढे सुयांवर विणायला लागले तरी ती तिरपी चौकट राहिली. हायलँड रेजिमेंट्सनी तीच उचलली, अर्गाइल अँड सदरलँडवाल्यांचे लाल-पांढरे, कॅमेरनवाल्यांचे लाल-हिरवे. म्हणजे फॉर्मलला डाइस्ड घाला असं मी म्हणतो तेव्हा कुठलीतरी फॅशन सांगत नाहीये.

1822 बद्दल फार लिहीत नाही. त्या वर्षी ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा समारंभ मांडला, त्यानंतर टार्टनचं पेव फुटलं, हे मलाही माहीत आहे आणि इथल्या शाळेतल्या मुलांनाही. पण चित्रकार रेबर्नने काढलेलं ग्लेनगॅरीच्या मॅकडोनेलचं, म्हणजे एका हायलँड सरदाराचं, चित्र त्याच्या आधीचं आहे, साधारण 1812 चं, आणि ते एडिंबराच्या नॅशनल गॅलरीत आहे. डंडीहून ट्रेनने सव्वा-दीड तास. एकदा जा आणि त्याच्या पायांकडे बघा, पांढरे मोजे दिसतात का ते मला कळवा.

किमतीचं मात्र मान्य. हाताने विणलेल्या डाइस्ड जोडीला शंभर पाउंडांच्या वर सहज जातात आणि ते मी लेखात लिहायला हवं होतं, नवीन माणूस दुकानात जाऊन दचकेल. पण म्हणूनच तर मी गडद एकरंगी आधी लिहिलं आणि डाइस्ड नंतर, 'जमत असेल तर' असं स्पष्ट लिहिलंय, तुम्ही ते वाक्य गाळून माझ्यावर तुटून पडलात. साधे लोकरीचे एकरंगी मोजे त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतात, पुढची कित्येक वर्षं टिकतात, आणि किल्ट भाड्याचा असला तरी मोजे स्वतःचे नेता येतात, दुकानवाले काही अडवत नाहीत. बाकी पाइप बँडमध्ये (बॅगपाइप वाजवणाऱ्यांच्या) पांढरे चालतात वगैरे जे तुम्ही खाली जोडलंय, त्याचा इथे संबंध नाही, बँडचा तो युनिफॉर्म आहे आणि मी पाहुण्यांबद्दल लिहितोय.

अजून एक, रंग निवडताना टार्टनमधला सगळ्यात भडक रंग उचलू नका, ही चूक पांढऱ्याच्या खालोखाल दिसते. टार्टनमध्ये मागे बसलेला जो गडद रंग असतो, हिरवा, नेव्ही, वाइन, तो मोज्याला घ्या आणि भडक रंग फ्लॅशला द्या, तो तिथे तेवढाच पुरतो. दिवसाच्या लग्नाला ट्वीड जॅकेट असेल तर लोवाट, म्हणजे करडट हिरवा किंवा करडट निळा, आणि तिथे डाइस्ड नकोच.

तुमच्या भाच्याचं लग्न ऑक्टोबरात इथल्या, स्कॉटलंडमधल्या पर्थला आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्याचा किल्ट कुठल्या टार्टनचा आहे आणि जेवण संध्याकाळी आहे की दुपारी, एवढं दोन ओळींत कळवा, रंग मी सांगतो. मोज्याचा साइझ बुटाच्या नंबरावरून मिळतो पण पोटरीचा घेर आधी टेपने मोजून ठेवा, सायकल चालवणाऱ्या पोरांना दुमड वर पुरत नाही आणि ते लग्नाच्या दिवशी सकाळी लक्षात येतं.