पाचोऱ्याच्या भाऊंनी आमच्या दुकानाला दिलेल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही लिहिलंय की आम्ही आजारी बॉल पायथन (घरी पाळतात तो लहान अजगर) तुमच्या गळ्यात मारला, अडीच महिन्यांत तो दोनदाच जेवला, पुण्याच्या मित्राचा त्याच वयाचा साप दीडपट झाला, आणि फोन केला की "थांबा" एवढंच ऐकायला मिळतं.

फोनची चूक आमचीच. का थांबायचं आणि तोवर कशावर नजर ठेवायची, हे न सांगता "थांबा" म्हणून फोन ठेवून देणं म्हणजे घाबरलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडणं. मनापासून माफी मागतो. आता प्रत्येक जनावरासोबत लेखी कार्ड देतोय. तुमचं बाजूला काढून ठेवलंय.

पण साप आजारी नव्हता. देताना तुमच्यासमोर काट्यावर ४३० ग्रॅम भरला होता. परवाच्या तुमच्या व्हिडिओत ४१२ दिसतात. म्हणजे शेकडा चारची घट. ही जात उपाशी राहण्यासाठी प्रसिद्धच आहे, विशेषतः हिवाळ्यात. धडधाकट मोठे साप महिनोन्‌महिने तोंड लावत नाहीत. म्हणून जेवणं मोजू नका, दर आठवड्याला वजन लिहा. घट दहा टक्क्यांकडे गेली, तोंडाशी फेस आला किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

तुमच्या फोटोंमध्ये मला खरं कारण दिसलं. पेटी बाल्कनीच्या दाराशी आहे आणि गरम बाजूच्या थर्मामीटरवर २६ अंश. तिथे ३१-३२ हवेत, थंड बाजूला २५-२६ चालतील. मे महिन्यात ४५ अंश सोसणारे आपण खान्देशातले लोक, आपल्याला डिसेंबरची रात्र गोड लागते. हा पश्चिम आफ्रिकेतला जीव. पोटातला उंदीर पचवायची ऊब त्याला बाहेरूनच मिळते. ती नसताना खाल्लं तर उंदीर पोटातच कुजतो आणि साप उलटी करतो. म्हणजे तो खात नाही यात त्याचं शहाणपण आहे. पेटी आतल्या भिंतीशी घ्या, हीटिंग मॅट थर्मोस्टॅटवरच (ऊब ठरावीक अंशावर राखणाऱ्या यंत्रावर) चालवा, दोन्ही बाजूंना एकेक अंधारी लपायची जागा द्या.

दुसऱ्या फोटोत बशीतल्या उंदरावर दव जमलेलं दिसतंय. फ्रीजमधला गोठवलेला गार उंदीर त्याला अन्न वाटतच नाही. वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यांनी तो भक्ष्याची ऊब ओळखतो. उंदीर पूर्ण वितळू द्या, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवा, पुसून लांब चिमट्याने संध्याकाळी समोर धरा. जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, त्याहून मोठा नको. नाकारला तर उचला आणि दहा-बारा दिवस विषय सोडा; रोज पुढे केलात तर तो आणखी बिचकेल. डोळे निळसर झाले असतील तर कात टाकायची वेळ आलीय, तेव्हाही नको. आणि शेजारची मुलं रोज त्याला हातात घेतात, ते काही दिवस बंद करा. जेवल्यावर तर दोन दिवस हातही लावायचा नाही.

कुणीतरी तुम्हाला जबडा उघडून भरवायला सांगितलंय. कृपा करून करू नका, तोंडाला इजा होते. जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडणंही नको. उंदीर सापाला कुरतडतो, अशा जखमा मी पाहिल्यात.

मित्राच्या सापाशी तुलना मला पटत नाही. जास्त चारलं की लवकर वाढतो, पण चरबी लिव्हरवर चढते. शिवाय मादी नरापेक्षा मोठी होते, आणि तुमचा नर आहे. पूर्ण वाढ तीन ते पाच फूट, आयुष्य वीस-तीस वर्षं. एवढ्या लांबच्या सोबतीत पहिल्या वर्षी कसली घाई?

तरीही विश्वास उडाला असेल तर साप परत आणा, पूर्ण पैसे देतो. अशा विदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर हस्तांतराची नोंद करावी लागेल, ती मी स्वतः करून देईन. नाहीतर पंधरा दिवस आमच्याकडे ठेवा, काही पैसे घेणार नाही. खायला लागला की घेऊन जा. रविवारी दुपारी दोनपर्यंत मी जळगावच्या दुकानात आहे. आणताना कापडी पिशवीत घालून खोक्यात ठेवा, आणि एवढ्या थंडीत मोटरसायकलवर आणू नका.