फोन काढून घेतला. पुढे?

मुलाला ऑनलाइन त्रास होतोय हे कळलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आण तो फोन इकडे. आजपासून बंद!" माझ्या मते याहून उफराटा उपाय नाही. छळणारे मोकळे, आणि ज्याचा छळ झाला त्याचाच फोन जप्त. पोरांना हे आधीच माहीत असतं, म्हणून तर ती तोंड उघडत नाहीत.

मोठ्यांना वाटतं, छळ म्हणजे शिव्या नाहीतर धमक्या. त्याही असतात. पण बऱ्याचदा दाखवण्यासारखं हातात काहीच नसतं. वर्गाच्या फोटोत एकीचे डोळे अर्धवट मिटलेले, तोंड उघडं. कुणीतरी तेवढाच चेहरा कापून स्टिकर बनवतो. मग गृहपाठ विचारला की तोच स्टिकर, गुड नाइटलाही तोच. एकही वाईट शब्द नाही, तक्रार करणार तरी कशाची? ती मुलगीही हसण्याचे इमोजी टाकत राहते, कारण चिडली तर त्याचाही स्क्रीनशॉट फिरणार. मग एक दिवस तिला वगळून नवा ग्रुप निघतो आणि जुन्यावर एकदम सामसूम.

शाळांमधल्या दादागिरीवर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस तिच्या तीन खुणा सांगत: मुद्दाम दुखावणं, ते पुन्हा पुन्हा करणं आणि ताकदीतली तफावत. फोनवर यातलं 'पुन्हा पुन्हा' इतरच करतात. "मी एकदाच टाकला होता" हे खरं असतं, पण पुढे ढकलणारे वीसजण असतात. त्यात समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नाही. पडद्याआड माणूस सैल का सुटतो, याची मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये जी कारणं मांडली, त्यांत हेही आहे.

मूल सांगायला आलं तर "तू काय केलं होतंस?" हा प्रश्न गिळा. आधी नाव आणि तारखेसह स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. ब्लॉक केल्याचं कळेल अशी भीती असेल तर इन्स्टाग्रामवर 'रिस्ट्रिक्ट' आहे. त्रास देणाऱ्याने मुलाच्या पोस्टखाली केलेली नवी कमेंट मग त्या त्रास देणाऱ्यालाच दिसते आणि त्याला पत्ताही लागत नाही. रात्री अकराला समोरच्या आईबापांना फोन लावून भांडू नका. ते आपल्याच पोराची बाजू घेणार (आपणही तेच केलं असतं). शाळेत जा, पण मुलाला विचारून.

अठराच्या आतल्या मुलाचा नग्न फोटो असेल तर गोष्ट वेगळी. तो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नका. 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. फोटो फोनमध्येच राहतो, जातो तो फक्त त्याचा डिजिटल ठसा, आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून हटवू शकतात. एन्क्रिप्टेड चॅटवर (ज्यातले मेसेज कंपनीलाही वाचता येत नाहीत) मात्र तिचा उपयोग नाही. आणि मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एक प्रश्न मला फार कामाचा वाटतो. "तुला कोणी त्रास देतं का?" याला "नाही" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "ग्रुपवर सध्या कोणाची खेचताहेत?" नाव आलं, तर आपल्या मुलाला सांगा, ज्याची खेचताहेत त्याला खासगीत एक मेसेज टाक: "ते मला नाही आवडलं." चारचौघांत बाजू घेण्याची हिंमत प्रत्येकात नसते, त्याची सक्तीही करू नका.