‘प्लीज’ लिहिलं म्हणजे आदर झाला असं नाही

ओपन सोर्समधल्या (म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टांमधल्या) वागणुकीचा विषय निघाला की गाडी शिवीगाळीवर जाऊन थांबते. शिवीगाळ वाईटच. पण रोजचा अनादर बहुतेक वेळा अगदी सभ्य भाषेत होतो. ‘नमस्कार, हे चालत नाहीये, कृपया लवकर दुरुस्त करा.’ यात एकही वावगा शब्द नाही. तरी असा इश्यू (प्रोजेक्टकडे नोंदवलेली तक्रार) टाकणाऱ्याने स्वतःची दहा मिनिटं वाचवून मेंटेनरचा, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचा, तास खाल्लेला असतो. व्हर्जन कुठलं, ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, एरर काय आला, हे सगळं आता मेंटेनरने एकेक करून विचारत बसायचं. माझ्या लेखी आदराचं माप एकच: तुमच्यामुळे समोरच्याचं काम किती वाढलं?

बग रिपोर्टचंच घ्या. व्हर्जनचा नेमका नंबर द्या. ‘लेटेस्ट’ लिहिलंत तर सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला काय कळणार? काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं लिहा. एरर मजकूर म्हणून पेस्ट करा, स्क्रीनशॉट सर्चमध्ये सापडत नाही. लॉगमधले पासवर्ड आणि टोकन आधी पुसा. आणि बग दाखवणारा छोट्यात छोटा कोड द्या. अख्खा प्रोजेक्ट झिप करून पाठवू नका. त्यातले भाग एकेक करून काढत जा. बग दिसेनासा झाला की शेवटी काढलेला भाग परत टाका. कित्येकदा हे करतानाच चूक आपल्याच कोडमध्ये निघते. ‘आधी चालत होतं, आता बिघडलं’ असं असेल तर गिट बायसेक्ट (कोडचा इतिहास दरवेळी अर्धा करत बिघाड शोधणारी आज्ञा) चालवा. हजार कमिटमधून (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलांमधून) बिघाड करणारा कमिट साधारण दहा तपासण्यांत हाती लागतो. एवढं करून पाठवलेल्या रिपोर्टात ‘प्लीज’ नसलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. (सुरक्षेतली त्रुटी मात्र उघड इश्यूत टाकू नका. प्रोजेक्टने त्यासाठी खाजगी पत्ता दिलेला असतो, तिथे कळवा.)

‘मलाही हाच प्रॉब्लेम’ ही कॉमेंटही तशीच. दोनशे जण थ्रेडवर असतील तर दोनशे जणांना नोटिफिकेशन जातं आणि हाती नवीन काहीच येत नाही. याला आणि अशाच इतर गोष्टींना वैतागून जानेवारी २०१६ मध्ये अनेक मेंटेनरांनी गिटहबला (असे बरेच प्रोजेक्ट जिथे असतात त्या साइटला) जाहीर पत्र लिहिलं, आणि मार्चमध्ये इमोजी रिअ‍ॅक्शन आल्या. अंगठा दाबा आणि पुढे चला.

पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल प्रोजेक्टमध्ये घ्या, या विनंतीत) सगळ्यात जास्त जाच होतो तो मिसळीचा. बगची दुरुस्ती सात ओळींची, पण एडिटरने सेव्ह करताना अख्ख्या फाइलचं फॉरमॅटिंग बदललं, म्हणून डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) नऊशे ओळींचा. त्यातल्या त्या सात ओळी आता रिव्ह्यू करणाऱ्याने शोधायच्या. फॉरमॅटिंग वेगळं, दुरुस्ती वेगळी, आणि मोठं फीचर असेल तर कोड लिहिण्याआधी इश्यूत विचारून घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या मोहिमेच्या टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलीत) एखादा शब्द घालून पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला. आयत्या पिठावर रेघोट्या! शेवटी आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलून, ज्या प्रोजेक्टांनी होकार दिला तेवढेच सामील धरावे लागले. आता तीच जागा एआयकडून लिहून घेतलेल्या, वाचायला भारदस्त पण आतून पोकळ रिपोर्टांनी घेतली आहे. कर्लसारखा (इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचं साधन) प्रोजेक्ट त्याने हैराण झालाय.

मेंटेनरांनाही सूट नाही. ‘हे काय लिहिलंय?’ हा रिव्ह्यू नव्हे. ‘यादी रिकामी आली तर या ओळीवर क्रॅश होईल, आधी तपासणी टाका आणि त्याची एक टेस्ट जोडा’ हा रिव्ह्यू. किरकोळ सूचना असेल तर ती किरकोळ आहे असं लिहा, म्हणजे नवख्या माणसाला काय केल्याशिवाय बदल मर्ज होणार नाही, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला जाणार नाही, ते कळतं. आणि नको असलेलं फीचर असेल तर पहिल्याच आठवड्यात कारण देऊन ‘नाही’ म्हणा. आठ महिने लटकवून शेवटी बॉटकडून बंद करवणं मला स्पष्ट नकारापेक्षा जास्त उद्धट वाटतं.

दबावाचा प्रकार मात्र नुसत्या मनस्तापावर थांबत नाही. एक्सझेड हे कॉम्प्रेशनचं साधन वर्षानुवर्षं जवळपास एकटा माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खाती त्याच्या हात धुऊन मागे लागली: रिलीज उशिरा होतात, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्याने सांगूनही पाहिलं. मदतीला तयार असलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या खात्याला पुढे अधिकार मिळाले, आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत बॅकडोअर (गुपचूप आत शिरायचा चोरदरवाजा) निघाला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच (दुसऱ्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून घेण्याची पद्धत) लॉगिन अर्धा सेकंद रेंगाळताना दिसलं, म्हणून ते उघडकीला आलं. ती दबाव आणणारी खाती त्याच कटातली असावीत असं मानलं जातं. पण त्यांची भाषा तेव्हा कुणाला खटकली नाही, कारण ‘अजून किती वाट पाहायची?’ अशा कॉमेंट प्रत्येक प्रोजेक्टवर पडतातच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांच्या गर्दीत हल्लेखोर सहज मिसळून गेला.

राहता राहिली आचारसंहिता. लिनक्स कर्नलने (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या प्रोजेक्टने) सप्टेंबर २०१८ मध्ये ती आणली; त्याच सुमारास त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या बोलण्याबद्दल माफी मागून काही आठवडे रजा घेतली. कर्नलची संहिता ज्यावर बेतली आहे त्या कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट या तयार नमुन्याच्या पुढच्या २.० आवृत्तीत कारवाईच्या चार पायऱ्या दिल्या आहेत: समज, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. बरेच प्रोजेक्ट ती फाइल तशीच चिकटवतात आणि तक्रारीच्या पत्त्याची जागासुद्धा भरत नाहीत. पत्ता भरलाच तर तो कुणाचा हेही पाहावं लागतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मॉडरेशन टीमने (वागणुकीच्या तक्रारी पाहणाऱ्या गटाने) एकत्र राजीनामा दिला. प्रोजेक्टचं नेतृत्व करणारी कोअर टीम स्वतःखेरीज कुणालाच उत्तरदायी नाही, ही त्यांची तक्रार होती. छोट्या प्रोजेक्टमध्ये तर तक्रार ज्याच्याविरुद्ध, मेल त्याच्याच इनबॉक्समध्ये. तिथे किमान दोन वेगवेगळी नावं द्या, त्यातलं एक कमिटचे अधिकार नसलेल्या माणसाचं, आणि किती दिवसांत उत्तर मिळेल तेही फाइलमध्येच लिहा.