कपात झाली, पण जाहीर कुणी केली?

लाडकी बहीण योजनेबद्दल काही लिहिलं की "गरीब बायकांचे पंधराशे रुपये खुपतात का?" हा प्रश्न ठरलेला. नाही खुपत. जिच्या नावावर कधी दमडी जमा झाली नाही, तिच्या खात्यात दरमहा पैसे येणं ही मोठीच गोष्ट आहे. महाराष्ट्र दिवाळखोर झाला ही व्हॉट्सअ‍ॅपवरची बोंबही मला मान्य नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात कर्ज 9.32 लाख कोटी धरलं होतं. आकडा डोळे पांढरे करणारा असला तरी राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या 19 टक्क्यांच्या आत. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात घ्यावी लागणारी एकूण उधारी, हीही 3 टक्क्यांच्या मर्यादेत. कर्जात बुडालेल्या पंजाबचे लोक आपला हेवा करतील.

माझी तक्रार वेगळी आहे. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट होती 45,891 कोटींची, म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं यांतला काही भाग उधारीवर. जून 2024 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला 46 हजार कोटी लागतील असं सांगितलं होतं. मार्च 2025 मध्ये अजित पवारांनी तरतूद केली 36 हजार कोटींची. प्रचारात कबूल केलेले दरमहा 2100 रुपये त्यात नव्हतेच. हे पैसे कुठून तरी काढायचे. कर वाढवावा तर ओरड होते. दारूवरचा वाढवला, तर बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला!

मग उरते कपात. आणि ती करण्याची पद्धतच मला खटकते.

कोरोनात, 4 मे 2020 ला, उद्धव ठाकरे सरकारने सरळ शासन निर्णय काढला होता: योजनांना यंदा 33 टक्केच निधी, नवी भरती बंद. कडू होतं, पण लेखी होतं. भांडायला हातात कागद होता. आता तरतूद पुस्तकात छापलेली असते, विधानसभेने मंजूर केलेली असते, फक्त बीम्सवर, म्हणजे खात्यांना निधी वाटणाऱ्या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर, निधी येत नाही. वसतिगृहाबाहेर खोली घेऊन शिकणाऱ्या पोराने भत्त्याची चौकशी केली की उत्तर एकच, "वरून निधी आला नाही." कपात केली असं कुणीच म्हणत नाही, त्यामुळे जबाबदारही कुणी नाही.

आनंदाचा शिधा आठवतो? 2022 च्या दिवाळीत आला तेव्हा पिशवीवर नेत्यांचे फोटो होते. 2025 च्या गणपतीत शिधाच आला नाही, आणि 'बंद केला' असं सांगायला कुठलाच फोटोवाला पुढे आला नाही. एक रुपयातला पीकविमाही गेला, खरिपाला पुन्हा 2 टक्के हप्ता. बोगस अर्ज होते हे खरं. पण बोगस अर्ज लाडक्या बहिणीतही निघाले, चक्क पुरुषांचे निघाले! तिथे चाळणी लागली, योजना टिकली. शेतकऱ्याच्या वाट्याला चाळणी नाही, थेट हप्ताच.

मे 2025 मध्ये तर सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाटच जाहीरपणे चिडले. त्यांच्या खात्याचे 410 कोटी लाडक्या बहिणीकडे वळवले होते, आदिवासी विकासचेही गेले. सरकारचा युक्तिवाद असा, की लाभार्थींमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या महिला आहेतच. मग त्यांना बाकीच्या बहिणींपेक्षा जास्त काय मिळालं? पंधराशेच ना? उलट त्यांच्या मुलांसाठी राखलेल्या पैशांतून ते दिले. कर्नाटकात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेला निधी इतरत्र जाऊ नये म्हणून 2013 पासून कायदा आहे, तरी तिथल्या काँग्रेस सरकारने निवडणुकीत कबूल केलेल्या 'गॅरंटी' योजनांसाठी त्या निधीलाच हात घातला. पक्ष कुठलाही असो, ज्याचा आवाज क्षीण त्याचा खिसा आधी.

विरोधकही यावर नेटाने बोलत नाहीत, कारण त्यांच्या जाहीरनाम्यात महिलांना दरमहा तीन हजार होते.

मार्चचा अर्थसंकल्प जेमतेम साडेतीन महिने जुना असताना, 30 जून 2025 ला, 57 हजार कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. जास्तीचे पैसे मागायला सरकार सभागृहात येतं. मग दर तीन महिन्यांनी कुठल्या खात्याला किती मंजूर होते, किती दिले आणि किती रोखले, एवढा एक तक्ता तिथेच मांडायला काय हरकत आहे? आपापल्या आमदाराला विचारा. मी आमच्या आमदारांना विचारलंय, मेसेजवर निळ्या टिक्स आल्यात.